मित्राला ऐनवेळी लग्न लावायला कसं उभं करावं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याच्याकडून लग्न लावून घ्यायचंय त्याला आधी अजिबात कळता कामा नये. महिनाभर आधी सांगितलंत तर तो बिचारा तयारी करेल, चार वाक्यं लिहून आणेल, घरी मोठ्याने वाचून बघेल, मग मजा काय राहिली? मला गेल्या रविवारी पावणेअकराला सांगितलं, लग्न साडेअकराचं. हॉलच्या बुकिंगचा घोळ झाला म्हणून सगळा कार्यक्रम उघड्या मैदानात हलवलेला, लग्न लावणारे गृहस्थ आलेच नव्हते, आणि मी एका कोपऱ्यात मुकाट्याने खुर्च्या मांडत होतो. तर म्हणे, तू बरं बोलतोस, तूच लाव. ऑफिसात प्रेझेंटेशन देता येतं म्हणजे लग्नही लावता येतं, हे लॉजिक मला अजून झेपलेलं नाही.

मजकूर मोबाईलवरच पाठवा. कडक उन्हात स्क्रीनवर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही, शिवाय आयफोन बनवणारेच सांगतात की ३५ अंशांच्या वर फोन वापरू नका, पण त्यांना काय कळतंय. जाड पुठ्ठ्याची वही दिली असती तर वाऱ्याने उडाली नसती आणि अक्षरंही दिसली असती, म्हणजे सगळंच सोपं झालं असतं, म्हणून वही नको.

आणि लांबी बघू नका. माणूस सावकाश बोलला तर मिनिटाला साधारण १२५ शब्द होतात. मला आलेला मजकूर २७०० शब्दांचा होता. करा हिशोब. पाहुणे उभे, कारण अर्ध्या खुर्च्या अजून टेम्पोत.

नवरीचं पूर्ण नाव सांगू नका. घरात जे म्हणता तेवढं सांगा, बाकी तो जमवेल.

कायद्याच्या बाजूला हातच लावू नका, सही कोणाची चालते, नोंदणी आधीच झालीय की व्हायचीय, हे सगळं त्या माणसाला माईक हातात असताना कळू दे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं, मध्ये कोणी लागतच नाही. त्या दिवशी मला त्या राज्याबद्दल फार जिव्हाळा वाटला.

माईकला स्पंजची टोपी लावू नका. वारा थेट जाळीवर आदळला की स्पीकरमधून जो भर्र आवाज येतो त्यात वचनं वगैरे छान मिसळून जातात, आणि मागून कोणीतरी ओरडतंच, आवाज येत नाहीये! माईक तोंडाजवळ धरला तर ओरडतायत, लांब धरला तरी ओरडतायत. नवरानवरीला तोंडावर ऊन घेऊन उभं करा म्हणजे सगळ्या फोटोंत दोघं संशयाने बघत असल्यासारखी येतात. अंगठ्यांसाठी डबी कशाला, गवत आहे ना.

आता आभाळ. आभाळाकडे तर बघूच नका. बारा वाजता ऊन गेलं, काळं झालं, लांब गडगडायला लागलं, मी थांबलो तर नवऱ्याचे काका म्हणतात, चालू द्या हो, होतंय आटोपून. वीज चमकली. मी वचनांच्या मध्ये मनातल्या मनात आकडे मोजतोय, आवाज आला नवव्या सेकंदाला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे वीज ३ किलोमीटरवर. चमक आणि आवाज यांच्यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं की मैदान सोडायचं, पक्क्या इमारतीत नाहीतर पत्र्याच्या टपाच्या गाडीत काचा लावून बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, एवढं साधं आहे. आमच्या लोकांनी काय केलं? मांडवात घुसले. लोखंडी खांबांचा मांडव! त्याला टेकून उभे! पन्नास पावलांवर गाड्या उभ्या होत्या, कोणी जायला तयार नाही कारण फोटो राहिलेत. फोटोग्राफर मला म्हणतो, सर ते हात जोडलेलं परत एकदा करा ना. आजी व्हीलचेअरवर, लहान पोरं खांबांना धरून गोल गोल फिरतायत, आणि चार मिनिटं गडगडलं नाही तर सगळे परत मैदानात, चला चला मुहूर्... असो.

नाही, असो नाही. काही झालं नाही म्हणून हसताय तुम्ही. मी ओरडलो तर मलाच शांत राहायला सांगितलं, शुभकार्यात कशाला असं बोलतोस म्हणून. सकाळपासून प्रत्येकाच्या मोबाईलवर पावसाचा अंदाज दिसत होता, हॉल गेल्याचं आदल्या रात्री आठला कळलं होतं, पंधरा तास होते तुमच्या हातात, आणि त्या पंधरा तासांत एकाही शहाण्याने विचारलं नाही की पाऊस आला तर माणसं कुठे न्यायची. फुलं मात्र दोनदा बदलली. सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी बघेल, आणि तो दुसरा म्हणजे खुर्च्या मांडणारा.

आणि ते लग्न लावणारे गृहस्थ. दिवसभर तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की त्यांनी ऐनवेळी दगा दिला. ते वेळेवर गेले होते हो, जुन्या पत्त्यावर. बंद गेटसमोर तासभर उभे होते. ग्रुपवर लोकेशन टाकलंत, पण ते ग्रुपमध्ये होते का हे बघितलंत? फोन करत होते तर तुमचे फोन सायलेंटवर. सोमवारी मीच त्यांना फोन केला, माफी मागितली. दोघांची नावं त्यांनी पूर्ण, बरोबर सांगितली मला, पाठ केली होती म्हणाले. तुम्ही अजून केलेला नाहीये तो फोन. नंबर तुमच्याकडे आहे, करा.