प्रॅक्टिकलला आलेलं रीडिंगच लिहू द्या

बी.एस्सी.च्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये पुस्तकातला आकडा उतरवला की पूर्ण मार्क, आणि डोळ्यांनी पाहिलेलं रीडिंग लिहिलं की मार्क कापायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. मी वरुड तालुक्यातल्या एका कॉलेजात ऑरगॅनिक शिकवतो, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

अॅसिटॅनिलाइड या पांढऱ्या स्फटिकी पदार्थाचंच घ्या. पोरं ते अॅनिलीनपासून तयार करतात, उकळत्या पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक पाडतात आणि शेवटी मेल्टिंग पॉइंट, म्हणजे तो किती अंशांना वितळतो ते, काढतात. पुस्तकात आकडा ११४ अंश. परवा एक विद्यार्थिनी थील ट्यूबपाशी, म्हणजे मेल्टिंग पॉइंट काढायच्या तेलाच्या काचनळीपाशी, डोळे लावून बसली होती. म्हणाली, "सर, माह्यं तं १०८ लेच वितळाले लागलं, ११२ वर सारं पाणी झालं. ११४ लिहू काय?" मी म्हटलं, दिसलं तेच लिही. मग तिचे स्फटिक फिल्टर पेपरमध्ये दाबून पाहिले, तर कागद ओला झाला. नीट वाळवून, बर्नर मंद ठेवून तिनं पुन्हा कॅपिलरी, म्हणजे नमुन्याची बारीक काचनळी, भरली. या वेळी ११३ ते ११४. पहिल्याच वेळी ११४ लिहून ती मोकळी झाली असती, तर ओलावा मेल्टिंग पॉइंट खाली ओढतो आणि पसरवतो, हे तिला कधी दिसलं असतं?

हाच नियम दुसऱ्या अंगानं दाखवता येतो. युरिया आणि सिनॅमिक अॅसिड, दोन्ही वेगवेगळे १३३ च्या आसपास वितळतात. दोन्ही एकत्र घोटून कॅपिलरीत भरले की मिश्रण त्याच्या बरंच खाली वितळतं. युरियाची पोती घरी पाहिलेली आमची पोरं हे पाहून थक्क होतात.

आणि सगळा दोष पोरांच्या हातावर टाकू नका. अॅसिटॅनिलाइड उकळत्या पाण्यात १०० मिलीला साधारण साडेपाच ग्रॅम विरघळतं, गार पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. पाणी जास्त झालं की माल गाळणीतून वाहून जातो. बीकर घाईनं थंड केला की स्फटिकांत मळ अडकतो. त्यात परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट. धुण्यापुरता बर्फ आम्ही चौकातल्या रसवंतीवरून आणतो. काही प्रयोगांत लागणारं ईथर हे द्रावक तर ३५ अंशांच्या आतच उकळतं आणि आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या वर. त्यामुळे सेपरेटिंग फनेल, म्हणजे द्रवांचे थर वेगळे करायचं तोटीचं भांडं, हलवताना क्षणाक्षणाला तोटी उघडून वाफ सोडावी लागते, आणि त्या वेळी खोलीत एकही बर्नर पेटलेला चालत नाही. अशा लॅबमध्ये सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकसारखं ११४ आलं, तर मला उलट शंका येते.

काही सहकारी म्हणतात, एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, कमी आकडा दिसला तर पोराचं नुकसान होतं. नुकसान होतं हे खरंच आहे, आणि ते आपणच करतो. यातली काही पोरं उद्या बुटीबोरीच्या एखाद्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागतील. तिथं अपेक्षित आकडा लिहायची सवय घेऊन गेलं तर बिघडलेला माल पास होईल.

म्हणून एक्स्टर्नल म्हणून येणाऱ्या सर-मॅडमांना हात जोडून विनंती आहे. जर्नलमध्ये १०८ ते ११२ दिसलं तर लाल पेन लगेच उघडू नका. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, आधी विचारा, "एवढं खाली का आलं?" उत्तर बरोबर आलं तर पूर्ण मार्क द्या.