३२० व्होल्ट डीसी, दोन पंखे आणि एक रेझिस्टर

नमस्कार. प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: ३२० व्होल्ट डीसीवर डबा थंड ठेवणारे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे चालवायला मी उगाच एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा, वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॉप्टर) मध्ये आणला, पंखे सिरीजमध्ये घेऊन २ किलोओहमचा रेझिस्टर लावला की काम झालं. शिवाय ‘इनपुट १००-२४० व्होल्ट एसी’ छापलेल्या अ‍ॅडॉप्टरला डीसी द्यायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

तुमचं गणित बरोबर आहे. ०.१५ अँपिअरचे दोन पंखे, त्यांच्यावर २४ व्होल्ट, उरलेले २९६ रेझिस्टरवर. म्हणजे रेझिस्टर ४४ वॉट जाळणार आणि पंखे मिळून साडेतीन-चार वॉट खाणार! डबा थंड करायचा म्हणून आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवण्यातलाच हा प्रकार.

बरं, वायरवाउंड रेझिस्टर डब्याबाहेर बसवू. तरी मूळ अडचण सुटत नाही. हे पंखे ब्रशलेस असतात. आतली चिप हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारा) बघून कॉइल चालू-बंद करते, त्यामुळे करंट सतत वरखाली होतो. करंट पडला की रेझिस्टरवरचा ड्रॉप पडतो आणि तेवढं व्होल्टेज पंख्यांवर चढतं. बऱ्याच पंख्यांत पातं अडकलं तर करंट जवळपास तोडून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायची सोय असते. ज्या क्षणी चिप स्वतःला वाचवायला करंट तोडते, त्याच क्षणी जवळजवळ सगळे ३२० व्होल्ट तिच्या डोक्यावर. झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या वरचा ताण स्वतःतून वाहून नेणारा) लावून आवरता येईल, पण मग पंखा बंद असताना सगळा करंट झेनरने सोसायचा. पॅनलवरच्या एलईडीला एक-दोन मिलिअँपिअर लागतात, तिथे तुमची युक्ती मीही वापरतो. पंख्याला नाही.

७८१२ किंवा एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटर चिप थेट लावायचा विचार कुणी करत असेल तर सोडा: पहिल्याची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट, दुसऱ्याची ४०.

आता अ‍ॅडॉप्टर. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. एसएमपीएसमधला ब्रिज (चार डायोडची जोडणी) ते डीसी करून कपॅसिटरवर ठेवतो आणि पुढचं सर्किट त्यावरच चालतं. तुम्ही ३२० डीसी दिलं तर त्या कपॅसिटरला फरक कळतही नाही. ब्रिजच्या चारांपैकी दोनच डायोड सतत वाहतात, पण दहा वॉटच्या अ‍ॅडॉप्टरला ते जड नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅडॉप्टर मात्र जळेल; डीसीला तिथे फक्त तारेचा रोध आडवा येतो. शिवाय एसएमपीएसमुळे पंखे हाय व्होल्टेजपासून आयसोलेट होतात. तुमच्या जोडणीत १२ व्होल्टसाठी बनवलेल्या बारीक वायरी थेट बसला, म्हणजे ३२० व्होल्टच्या मुख्य डीसी लाइनला, जोडलेल्या राहतात.

धोक्याची तुमची शंका एका ठिकाणी रास्त आहे: फ्यूज. एसी करंट दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून फ्यूज तुटताना पेटणारा आर्क (ठिणगीचा झोत) विझतो. डीसीत तो पेटता राहू शकतो. म्हणून अ‍ॅडॉप्टरच्या आधी किमान ४०० व्होल्ट डीसी रेटिंगचा वेगळा फ्यूज घाला. स्विचचंही तेच.

आणि तुमची जोडणी बदलायला डबा उघडाल तेव्हा सप्लाय बंद केल्यावरही बसचे कपॅसिटर भरलेले असतात. मीटरने मोजून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला.