गोल्फच्या सहलीस निघालेल्या संचालकांसाठी

गळीत हंगाम संपून कारखान्याचे धुराडे थंड झाले, की आपल्यासारख्या संचालकाने गोल्फ खेळण्यासाठी डोंगरावरच्या एखाद्या रिसॉर्टवर जाणे आता अगत्याचे झाले आहे. पन्हाळा त्यासाठी उपयोगाचा नाही. तिथे झुणका-भाकरी खाताना निम्मे सभासद भेटतात आणि थकीत ऊसबिलाचा विषय काढतात. सिमल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, देवदारांच्या रानात नालदेहऱ्याचे मैदान आहे. तिथवर आपल्या भागातील ऊसउत्पादक सहसा पोहोचत नाही. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ही जागा इतकी आवडली, की 1904 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावात त्यांनी ‘नालदेरा’ घातले. आपण निदान नव्या फार्महाउसला ते नाव द्यावे. ग्रामपंचायतीच्या नोंदीत त्याचे काय होईल, ते पुढचे पुढे.

खेळ येत नाही, ही अडचण मानू नये. कोल्हापूरकराला खेळ म्हटले की खासबाग आठवते आणि घोटाळा तिथेच होतो. शाहू महाराजांनी ते मैदान असे बांधून घेतले, की कुठेही बसलेल्या माणसाला कोणाची पाठ मातीला लागली ते स्वच्छ दिसावे. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल तर त्याहून गैरसोयीचा, कारण तिथे पेठापेठांतील प्रेक्षक खेळाडूला सोडत नाहीत आणि पंचालाही सोडत नाहीत. गोल्फमध्ये हे दोष कटाक्षाने टाळलेले आहेत. सहलीतल्या खेळाला पंच नसतो, प्रेक्षक नसतात, आणि किती फटक्यांत चेंडू होलात गेला हे ज्याने फटके मारले तोच मोजून कागदावर लिहितो. ज्याचा ऊस त्याने काट्याजवळ उभे राहू नये, हे तत्त्व आपण वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळले आहे. येथे मात्र चेंडूही आपला आणि काटाही आपलाच.

साहित्यावर फार विचार करू नये. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात, म्हणून चौदाही घ्याव्यात आणि त्यांची नावे कॅडीला विचारावीत. त्या पिशवीचे ओझे तोच वाहणार असल्यामुळे आपला व्यायाम उत्तम होतो.

चेंडू देवदारांत गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. नियमाप्रमाणे तो शोधायला तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी पाच मिळत असत, परंतु जुन्या सवलती गेल्याचे दुःख किती दिवस करायचे? तीन मिनिटांत झुडपातला चेंडू सापडत नसेल, तर खिशातला सापडावा, आणि तो शक्यतो होलाच्या अंगाला असलेल्या मोकळ्या गवतावर सापडावा. उंचीवर हवा विरळ असल्याने तोच फटका सपाटीपेक्षा लांब जातो. हे शास्त्रीय कारण चेंडू चुकीच्या दिशेला गेल्यावर अवश्य सांगावे. तो योग्य दिशेला गेला, तर हवेचा उल्लेख करण्याची गरज नाही.

नालदेहऱ्याचे मैदान नऊ होलांचे असून, अठरा पूर्ण करायचे झाल्यास त्यालाच दुसरी फेरी मारावी लागते. ही व्यवस्था सहकारातील माणसाला नवी वाटू नये. पहिल्या फेरीत फटके हाताबाहेर गेले, तर ती गणपूर्तीअभावी तहकूब झाली असे समजावे आणि त्याच ठिकाणी, त्याच विषयपत्रिकेवर दुसरी घेऊन सर्व विषय मंजूर करावेत.

एवढे सारे झाल्यावरही खरा आकडा एका माणसाला ठाऊक राहतो, तो म्हणजे कॅडी. त्याला दिवसभर चेंडू कुठे गेले हे बघण्याचीच सवय असते आणि त्याची स्मरणशक्ती आपल्या लेखापरीक्षकापेक्षा पुष्कळ बरी असते. म्हणून त्याची बक्षिसी शेवटच्या होलापर्यंत लांबवू नये. दुसऱ्या होलावरच, त्याने मोजायला सुरुवात करण्यापूर्वी, ती त्याच्या हातात ठेवावी.