दिसला!

रविवारी पहाटे पाचला जो माणूस उठतो, त्याला एक तर गाडी पकडायची असते, नाहीतर त्याच्या बायकोला पक्षिनिरीक्षणाचा नाद लागलेला असतो. मला गाडी पकडायची नव्हती, चालवायची होती.

संस्कृत कवींनी चक्रवाकाच्या जोडप्याला रात्रभर विरहात ठेवून पहाटे भेटवलं आहे. आमचं उलटं. रात्रभर गुण्यागोविंदाने घोरणारं जोडपं पहाटे "अहो, तो लाल स्वेटर काढा, पक्षी बुजतात" या मुद्द्यावर फुटतं. बरं, तो चक्रवाक तरी कुठे बघायचा? पुण्याहून सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, कवडी पाटला. अख्ख्या शहराचं सांडपाणी पोटात घालून मुळा-मुठा इथल्या बंधाऱ्यावरून उतरते आणि खाली असा फेस धरते, की कुणीतरी वॉशिंग मशीनचं झाकण मध्येच उघडलंय असं वाटावं. त्यात थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या आणि नेहमी एकेकटीच असलेली चप्पल. आणि या सगळ्याच्या मधोमध लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेलं ते केशरी, देखणं बदक मजेत डुलत असतं. मी नाकाला रुमाल लावून विचारलं, "सर, यांना हेच का आवडलं?" सर म्हणाले, "चिखलात अळ्या भरपूर." हॉटेल निवडताना माणसंही वासाकडे फारसं लक्ष देत नाहीत, हे मला पटलं.

सर म्हणजे आमच्या ग्रुपचे म्होरके. बाकी आम्ही तेरा-चौदा जण, सगळे शेवाळी टोप्यांत. तिघांकडे तोफेएवढ्या लेन्स. माझ्याकडे मुलीने वाढदिवसाला दिलेली आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. तिच्यातून मी पहिले चार रविवार एक गोल काळोख पाहिला. मध्यभागी कधीतरी बटणाएवढा उजेड यायचा, त्यात एखादं पान हलायचं. मला वाटलं, निसर्ग असाच दिसतो. पाचव्या रविवारी ग्रुपमधली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, चष्मा असला की हे रबराचं खाली फिरवायचं." फिरवलं, आणि काय सांगू! समोरच्या काठावर बसलेल्या बगळ्याचा डोळा दिसला, पिवळाधमक. तो माझ्याकडेच बघत होता. 'आजोबा' मात्र अजून पचलेलं नाही.

तरीही मला पक्षी दिसेनात. त्याचं कारण दिशा सांगण्याची पद्धत.

"ती बाभूळ बघा."

बाभळी सात.

"तिची वाळकी फांदी. तिथून दहा वाजता. एक पान हललं ना, त्याच्या मागे."

पानं सगळीच हलत असतात. ती पानंच आहेत. एव्हाना आजूबाजूला "वा!", "अहाहा!" सुरू झालेलं असतं आणि सर मागे वळून विचारतात, "दिसला?" या प्रश्नाला सभ्य समाजात एकच उत्तर आहे. मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांना देतात, तेच.

नावांचीही तीच तऱ्हा. मराठीत हे खातं खरं तर घरगुती आहे. शिंपी, धोबी, तांबट, सुतार, कोतवाल, वर पाण्यात वारकरी. सगळं गावच बसलेलं. हळदीकुंकू नावाचं बदक तर मला पहिल्या फटक्यात जमलं, कारण त्याच्या चोचीवर खरोखर दोन्ही लावलेलं असतं. पण आमच्या ग्रुपात आपसांत इंग्रजी चालतं, आणि तिथे 'सँडपायपर' नावाचा पक्षी भेटतो. मराठीत मी त्याला तुतवार म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत तो कॉमन आहे की ग्रीन की वुड, हे ठरवावं लागतं. ग्रीन हिरवा नसतो, वुड लाकडावर नसतो. एकाच्या खांद्यापाशी पांढरं टोक घुसलेलं असतं, दुसऱ्याच्या पाठीवर ठिपके जास्त आणि तिसऱ्याचं बूड पांढरं, पण ते उडाल्यावर. म्हणजे ओळख पटते तेव्हा तो निघालेला असतो.

धोब्यांवर मात्र मी जीव ओतला. करडा, पिवळा, पांढरा असे सगळे धोबी डिसेंबर-जानेवारीत पाठ केले. आणि फेब्रुवारी सरता सरता या मंडळींनी कपडे बदलायला घेतले! परतीच्या प्रवासाआधी त्यांना म्हणे विणीच्या हंगामाचा पिसारा येतो. करड्याचा गळा काळा व्हायला लागला, दुसऱ्या एकाचं डोकं पिवळंजर्द झालं. आमच्याकडे धोब्याने एक शर्ट वेळेवर आणून दिला नाही कधी, आणि इथे हे.

रातवा हा पाचोळ्याच्याच रंगाचा पक्षी आमच्या घरचा मानबिंदू. वेताळ टेकडीवर, वाळक्या पाचोळ्यात, दिवसाढवळ्या बसलेला. अर्धा तास चौदा माणसं कुजबुजत पाचोळ्याचे फोटो काढत होती. हिने काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, बावीस अंगठे आले. नागपूरच्या आत्यांनी "किती गोड!" लिहिलं.

तर परवाचा रविवार. मार्चचा दुसरा आठवडा, नऊ वाजताच ऊन चावायला लागलेलं, स्वेटर कमरेला. काठच्या पाणकणसात सरांना ब्लूथ्रोट सापडला. चिमणीएवढा, गळ्यावर निळा नि तांबूस पट्टा. "हा आता जाईल," सर म्हणाले, "चुकला तर थेट पुढचा हिवाळा." त्यांनी दुर्बिणीची मोठी बहीण तिवईवर लावली आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. देवळातल्यासारखी रांग सरकत होती. एकेक जण वाकायचा, श्वास रोखायचा, 'दिसला' म्हणून तृप्त चेहऱ्याने बाजूला व्हायचा. मी सातवा. वाकलो. पाणकणीस, त्यामागे पाणकणीस, एक वेफर्सचं पाकीट.

"दिसला?"

"दिसला! काय निळा आहे हो!"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या आधीच्या तिघांच्या वेळीच उडाला तो. मी बघतोय, कोण बोलतंय."

रांगेत जी शांतता पसरली, तिच्यात माझ्याआधीचे तिघे होते, आणि त्या तिघांत सगळ्यात पुढे ही होती.

परतीच्या वाटेवर हडपसरपर्यंत आम्ही बोललो नाही.

"तुम्हाला नव्हताच दिसला ना?" हिने विचारलं.

"नाही. तुला?"

"एक काहीतरी हललं होतं."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, तो रातव्याचा फोटो..."

"त्याचं काय?"

"त्यात तो नक्की कुठे आहे?"

मी हँडब्रेक ओढला. हिने मोबाइल पुढे केला, दोन बोटांनी पाचोळा मोठा केला आणि डोकी एकत्र करून आम्ही डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला, तेव्हा आम्ही तिसऱ्या पानावर होतो.