सोलापूरचं सगळं ‘हजारो वर्षं असंच’ नव्हतं

‘तिरंगा, चादर, शेंगाचटणी हा आपला हजारो वर्षांचा शुद्ध वारसा. तेलुगू-कन्नड बोलणारे बाहेरून आले आणि तो बाटला.’ अशा अर्थाचा मेसेज सध्या सोलापुरात फिरतोय. आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या मुलीने पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी वहीत उतरवूनही घेतला. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर विणली कोणी? प्रामुख्याने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. शहराच्या पूर्व भागात जा, यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू कानावर पडेल. नारळी पौर्णिमेला याच पद्मशाली समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, तो याच गावाचा सण. ज्यांच्या कष्टावर ‘सोलापुरी’ हे नाव देशभर गेलं, त्यांची पोरं बाहेरची? एका बाकावर बसणाऱ्या मुलींच्या मनात हे विष कालवताना काहीच कसं वाटत नाही? चीड येते ती याचीच.

तिरंग्याचंही तेच. १९३० साली सोलापूर नगरपालिकेवर झेंडा लागला, तेव्हा काँग्रेसच्या झेंड्यावर पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे आणि चरखा होता. केशरी पट्टा काँग्रेसने ऑगस्ट १९३१ मध्ये स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं ते संविधान सभेच्या २२ जुलै १९४७ च्या ठरावाने. सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली १२ जानेवारी १९३१ ला. म्हणजे आजचा तिरंगा आपल्या चारही हुतात्म्यांनी पाहिलेला नाही. झेंडा बदलला म्हणून त्यांचं बलिदान परक्या देशासाठी ठरत नाही. आणि या चौघांची आडनावं एकदा सावकाश वाचा, मग ‘शुद्ध’ म्हणा.

शेंगाचटणीवर फार बोलायला नको. शेंगदाणा आणि मिरची, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आली ती गेल्या पाचशे वर्षांत.

एक मान्य करावं लागेल. संक्रांतीला भरणारी सोलापूरची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यातल्या नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीची परंपरा खरोखरच जुनी आहे, तिचं नातं थेट बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे सोलापूरच्या ग्रामदैवताशी सांगितलं जातं. पण त्यांची वचनं, म्हणजे भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत. कन्नडला बाहेरची म्हणणाऱ्यांनी यात्रेत ‘हर्र बोला’चा गजर करताना हे ध्यानात ठेवावं. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी तितक्याच ग्रुपवर हेही पाठवावं.