कुठलीही टाका, चालतंय!

मागच्या शनिवारी ताम्हिणी घाटात भर पावसात मी दोन तास उभा होतो. धबधबे बघत नव्हतो. मोटरसायकलची चेन पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, कव्हरात गोळा होऊन बसली होती, ती बघत होतो. नवीकोरी चेन, वय वर्षं शून्य, दिवस अकरा. तिथे जे ज्ञान झालं ते तुम्हाला फुकट देतोय.

चेन घेताना नंबर विचारू नका. 428 काय नि 520 काय, लॉटरीची तिकिटं ती. एकीत दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी, दुसरीत 15.875, तर बिघडलं कुठे? हातोडी आहे ना.

कड्याही मोजू नका. जास्त झाल्या तर दोन काढून टाकतील.

खोक्यावर होलोग्राम चमकतोय ना? मग आतला माल बघून दुकानदाराचा अपमान करू नका.

आणि मुख्य म्हणजे, फक्त चेन बदला. स्प्रॉकेट कशाला? मीही मेकॅनिकला विचारलं होतं, "दादा, सेटच टाकूया का? चेन नि दोन्ही स्प्रॉकेट?" दादांनी मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवरून अंगठा फिरवला, बाजूला पिचकारी मारली नि म्हणाले, "अजून सा महिने बघायला नको साहेब." दात कसले, वाघनखं झाली होती! जुनी चेन झिजून लांबलेली असते, ती दातांनाही आपल्यासारखंच करून ठेवते. त्यावर नवी चेन नीट बसत नाही, चढते, घसरते, नि बघता बघता तीही खलास. हे दादांना ठाऊक नाही? वीस वर्षं त्याच टपरीत बसलाय माणूस! ठाऊक आहे. पण सेट आणायला नाना पेठेत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दोन गाड्यांचं ऑइल बदलून होतं. बरं, चेनची दोन टोकं जोडणारं लॉक तरी सरळ लावावं? क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. लहान पोराला सांगितलं तरी कळेल! मी स्टेटसला टाकलेला नव्या चेनचा फोटो घाटात झूम करून पाहिला. उलटं. क्लिप उडाली, कडी सुटली, चेन इंजिनच्या केसिंगवर आपटली, केसिंगला तडा, रस्त्यावर ऑइल. सातशे वाचवले होते मी. टेम्पोवाल्यानेच तीन हजार घेतले.

ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेली चेन पेट्रोल नि तारेच्या ब्रशने घासा. रबर जातं, पण चमक काय येते!

चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून घ्या. गिअरबॉक्सचं बेअरिंग रडेल, रडू दे.

आणि तुम्ही हसताय कशाला? फटफट आवाजाच्या सायलेन्सरला चार हजार मोजता, टाकीवर वाघ चिकटवता, आणि मागच्या चाकाला ओढणाऱ्या एकमेव वस्तूसाठी दुकानात घासाघीस करता. मागे बायको बसते, पोरगं बसतं. लाज वाटू द्या जरा. आत्ता गाडी मेनस्टँडला लावा, मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा दिसला तर सेट घ्या, तिन्ही वस्तू एकदम. आणि क्लिप बसवताना दादांच्या डोक्यावर उभे राहा. चहाला जाऊ नका.

मी गेलो होतो.