ते सुंदर नाही, ते भोक आहे

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. रॉकेट गेल्यावर आभाळात मागे राहिलेला लालभडक गोळा. खाली बदामांची रांग, "काय भारी दिसतंय!" मी लिहिलं, अहो, ते भोक आहे. तर एका काकांचं उत्तर, "ताई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते." डोंबलाची खोट!

दोनशे-तीनशे किलोमीटर वर, आयनोस्फिअर नावाच्या हवेच्या विरळ थरात, सुटे इलेक्ट्रॉन असतात. रॉकेटच्या धुरातली वाफ तिथे पोचली की ते भराभर आयनांना, म्हणजे तिथल्या विद्युतभारित कणांना, जाऊन मिळतात, तांबडा उजेड पडतो आणि तेवढा थर रिकामा होतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तैवानचा उपग्रह नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटने पाडलेलं भोक सुमारे ९०० किलोमीटर रुंद होतं. मुंबई ते नागपूर आरामात मावेल.

हा थर मला बाबांनी दाखवला. गिरगावच्या चाळीत रात्री गॅलरीत रेडिओ घेऊन बसायचे. रेडिओ सिलोन लागलं की मी विचारायचे, एवढ्या लांबून कसं येतं? ते वर बोट करायचे. "आवाज आभाळाला आपटून येतो गं."

त्या आभाळाला भोकं पाडताय तुम्ही!

काही तासांत बुजतं, मान्य. उपग्रह नसतील तर ससून डॉकच्या बोटींना वादळाची सूचना कोण देणार, तेही मान्य. चांद्रयान ३ उतरलं त्या संध्याकाळी मीच मजल्यामजल्यावर पेढे वाटले. १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट उडालं तेच मुळी हे वरचं वातावरण समजून घ्यायला. पण केरोसीनच्या रॉकेटची काजळी त्याखालच्या, पण ढगांच्या वरच्या थरात, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, वर्षानुवर्षं राहते. तिथे ती धुऊन काढायला पाऊसही नाही.

आणि याच मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडेल, हे लोकांनी आधीच ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. ट्राम धावली १९०७ ला. आज हजारोंनी उपग्रह सोडताना इतका आधी विचार कोण करतंय?

मगाशी ग्रुपवर जरा जास्तच बोलले मी. काकांना तो उजेड आवडला, त्यात त्यांचा काय दोष. त्यांना बाबांसारखं कुणी बोट करून दाखवलं नसेल.

रेडिओ माळ्यावर आहे. सेल आणलेत. सिलोन नाही तर नाही, कुठलं तरी लांबचं स्टेशन लागेल. काकांना म्हटलंय, रात्री नऊला गॅलरीत या.